एका दिवसात ताडोबा सफारी: गेट निवडण्यापासून रात्री घरी पोचेपर्यंत

नागपूर, वर्धा, यवतमाळ किंवा भंडाऱ्याहून निघायचं, ताडोबात एक सफारी करायची आणि रात्री घरी झोपायला यायचं, हा बेत विदर्भात घरोघरी आखला जातो. तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा गेटवरच बिघडतो. कोणाचं आधार कार्ड घरी राहिलेलं असतं, कोणी भलत्याच गेटवर उभं असतं, तर कोणी वेळेनंतर वीस मिनिटांनी पोचतं. वाघ दिसणं न दिसणं कोणाच्या हातात नाही. बाकीचं जवळपास सगळं आपल्या हातात असतं, आणि ते क्रमाने केलं तर चुकत नाही.

क्रम असा: गेट, तारीख, माणसं, बुकिंग, मग गाडी. बहुतेक मंडळी नेमकं उलटं करतात. आधी अकरा जणांना "चला" म्हणून सांगतात, भाड्याची गाडी ठरवतात, आणि शेवटी बुकिंग उघडून पाहतात तर त्या दिवशी एकच जिप्सी (सफारीची उघडी गाडी) शिल्लक असते, तीही घरापासून सगळ्यात लांबच्या गेटची.

## 1. आधी गेट ठरवा

"ताडोबाला जायचं" एवढं म्हणून भागत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला अनेक दारं आहेत आणि एका दाराचं बुकिंग दुसऱ्या दारावर चालत नाही. कोअर, म्हणजे जंगलाच्या गाभ्याच्या क्षेत्राची गेटं मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याची वेगळी: आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा वगैरे.

गेट निवडताना पहिला प्रश्न "वाघ कुठे जास्त?" हा नसतो, "घरून रस्ता कोणता?" हा असतो. नागपूरकरांना उमरेड, भिसी, चिमूर या रस्त्याने कोलारा किंवा नवेगाव सोयीचं. कोलारा साधारण 110 ते 120 किलोमीटर. वर्धा, हिंगणघाट, वणी, यवतमाळकडच्यांना वरोरा-भद्रावतीवरून मोहर्ली बरं पडतं. चंद्रपूर शहरातून मोहर्ली तासाभरावर आहे. मूल, सिंदेवाही, गडचिरोलीकडून येणाऱ्यांनी झरी आणि पांगडी आधी पाहावं.

नावांचा घोळ इथेच होतो. नेहमीचे तीन घोळ:

नवेगाव. ताडोबाचं नवेगाव गेट चिमूरच्या बाजूला, रामदेगीजवळ आहे. नकाशात नुसतं "नवेगाव" टाकलं तर तो गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधकडे काढून देऊ शकतो. तिथेही जंगल आहे, तिथेही सफारी आहे, म्हणून पोचेपर्यंत शंकाही येत नाही. वर रामदेगी-नवेगाव नावाचं बफर गेटही आहे, त्यामुळे परवानगीवर कोअर लिहिलंय की बफर हे वाचावंच लागतं.

झरी. ताडोबाचं झरी गेट चंद्रपूर जिल्ह्यात आणि झरी-जामणी तालुका यवतमाळ जिल्ह्यात. पुन्हा ताडोबाच्या आतही जामणी नावाची जागा आहे. वणीकडच्या ड्रायव्हरला "झरी" म्हटलं की त्याच्या डोक्यात पहिलं कोणतं गाव येईल, ते वेगळं सांगायला नको.

पेंच. महाराष्ट्रातल्या पेंचला सिल्लारी आणि खुर्सापार ही गेटं, मध्य प्रदेशातल्या पेंचला तुरिया. जंगल एकाला एक लागून आहे, पण राज्य वेगळं, परवानगी वेगळी, बुकिंगचं संकेतस्थळ वेगळं. सिल्लारीचा कागद तुरियावर दाखवून कोणी आत सोडत नाही.

तपासा: ड्रायव्हरला गावाचं नाव तोंडी सांगू नका. गेटचं नेमकं ठिकाण नकाशावर उघडून त्याला पाठवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवायला सांगा. चिमूर आणि भद्रावती सोडल्यावर नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही.

कोअर की बफर? पहिल्यांदा जाणाऱ्याला कोअरच हवा असतो. कोअर मिळाला नाही म्हणून अख्खा बेत रद्द करणं मात्र अडाणीपणाचं. वाघाला कोअरची हद्द ठाऊक नसते, बफरमध्येही वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे नियमित दिसतात आणि बुकिंग तुलनेने लवकर मिळतं. फरक हा की बफरमध्ये गावं आहेत, गुरं आहेत, मार्च-एप्रिलला मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता वेचणारी माणसं आहेत. अगदी निर्मनुष्य जंगल हवं असेल तर कोअरच्या तारखेची वाट पाहा.

## 2. तारीख आणि फेरी

कोअर पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, बंद असतो. ताडोबा मंगळवारीही बंद. "मंगळवारी गर्दी कमी असेल" म्हणून बेत करणारे दरवर्षी निघतात. दुसऱ्या अभयारण्यांचा सुट्टीचा वार वेगळा असू शकतो, तो बुकिंग करतानाच दिसतो. शनिवार-रविवारचं शुल्क इतर दिवसांपेक्षा जास्त असतं. शाळा-नोकरीची अडचण नसेल तर बुधवार किंवा गुरुवार घ्या.

महिन्याचा हिशेब थोडक्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला जंगल हिरवंगार, पण गवत कमरेएवढं. दहा फुटांवर बसलेला वाघ दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीला पक्षी उत्तम आणि थंडी कडाक्याची. फेब्रुवारीअखेर पळस फुलतो, सागाची पानगळ होऊन आतलं दिसायला लागतं. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पाणवठे आटतात, जे उरतात त्यांवर सगळं जंगल येतं. वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त, आणि चंद्रपूरचा पारा 45-46 वर. म्हातारी माणसं आणि चार-पाच वर्षांची मुलं बरोबर असतील तर मे महिना टाळा, कोणी कितीही आग्रह केला तरी.

फेऱ्या दोन, सकाळची आणि दुपारची. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात सकाळी उशिरा उजाडतं म्हणून गेट उशिरा उघडतं आणि संध्याकाळी लवकर बंद होतं. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका, परवानगीवर छापलेली वेळ हीच खरी.

एका दिवसात जाऊन-येऊन करायचं तर कोणती फेरी, याला सरळ उत्तर आहे. घरापासून गेट दीड तासाच्या आत असेल, म्हणजे चंद्रपूर, वरोरा, चिमूर, मूल, भद्रावतीकडचे असाल, तर सकाळची. नागपूर, वर्धा, यवतमाळ, भंडारा असेल तर ऑक्टोबर ते मार्च दुपारची. सकाळच्या फेरीसाठी नागपूरकराला रात्री दोनच्या सुमारास निघावं लागतं, ड्रायव्हर झोपलेला नसतो, आणि हाच माणूस दुपारी तुम्हाला परत आणणार असतो. उन्हाळ्यात लांबच्यांनी आदल्या रात्री गेटजवळ मुक्काम केलेला बरा. तो परवडत नसेल तर दुपारची फेरी घ्या, पण निम्मा दिवस उन्हात जाणार हे धरून तयारी करा.

एकाच दिवशी सकाळ आणि दुपार अशा दोन फेऱ्या करायचा मोह होतो. मधल्या तीन-चार तासांत झोपायला जागा असेल तरच करा. गाडीत बसून काढलेली दुपार संध्याकाळच्या फेरीत डोळे मिटायला लावते.

## 3. माणसं मोजा, मग बुकिंग

एका जिप्सीत सहा पर्यटक. गाईड आणि ड्रायव्हर त्याशिवाय. गाईड घ्यावाच लागतो, स्वतःची गाडी कोअरमध्ये नेता येत नाही. ताडोबात जिप्सी पूर्ण घ्यावी लागते. चारच जण असले तरी भाडं तेवढंच. त्यामुळे सहा, बारा, अठरा असे गट परवडतात. सात जणांचा गट म्हणजे दोन जिप्सी. सातवा "मांडीवर बसवू" असं म्हणणाऱ्याला गेटवर थांबावं लागतं. लहान मुलाचं नावही परवानगीत हवं. कोणत्या वयाला काय नियम, ते बुकिंगच्या वेळी वाचा.

बुकिंगला बसण्याआधी एका कागदावर प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, लिंग, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक लिहून घ्या. नाव ओळखपत्रावर आहे तसंच. घरी "पिंटू" आणि आधारवर "प्रशांत" असेल तर बुकिंगमध्ये प्रशांत. लग्नानंतर आडनाव बदललंय पण आधार जुनंच आहे, अशा बहिणी-वहिनी प्रत्येक गटात असतात. त्यांना मुद्दाम विचारा. बुकिंग झाल्यावर नाव बदलून मिळेल असं धरून चालू नका. म्हणूनच "येतो बहुतेक" म्हणणाऱ्याला आधी पैसे मागा. पैसे दिले की माणूस पक्का होतो.

बुकिंग वनविभागाच्याच संकेतस्थळावर करा. पत्ता "महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन" असा संपतो का, ते पाहा. शोध घेतल्यावर वर येणारी चकचकीत पानं बहुतेक खासगी एजंटांची असतात. एजंटकडून करायचंच असेल तर तासाभरात वनविभागाची परवानगी हातात मागा. त्यावर सगळ्यांची नावं, गेट, तारीख, फेरी आणि क्रमांक असतो. एजंटने स्वतःच्या कागदावर दिलेली पावती म्हणजे परवानगी नव्हे.

पैसे भरल्यावर पावतीत काय-काय आलं ते वाचा. प्रवेश, जिप्सी आणि गाईड ही तीन वेगळी शुल्कं आहेत. काही ठिकाणी मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचं शुल्क गेटवर वेगळं घेतात. माणशी दोन-तीनशे रुपये रोख जवळ असू द्या. गेटवर नेटवर्क नसलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

सावधान: दोन जिप्सी घेताना दोन्ही एकाच गेटच्या, एकाच फेरीच्या आहेत ना, हे पैसे भरण्याआधी पाहा. घाईत एक सकाळची आणि एक दुपारची झाली, की आजी एका जिप्सीत आणि तिची औषधं दुसरीत.

## 4. वेळ उलटीकडून मोजा

दिवसाचं गणित घरून सुरू करू नका, गेटवरून सुरू करा. दुपारची फेरी दोनला असेल तर गेटवर एकला हजर. त्याआधी अर्धा तास जेवण. त्याआधी प्रवास: नागपूर ते कोलारा अडीच तास. त्यात अर्धा तास बिनकामाचा मिळवा; चहा, लघवी, कोणाला तरी उलटी, उमरेडला वाहतूक. म्हणजे साडेनऊला गाडी हलली पाहिजे. "साडेनऊला निघू" म्हणजे साडेनऊला जमू, असा आपल्याकडचा रिवाज आहे, म्हणून सगळ्यांना पावणेनऊ सांगा.

मोहर्लीला वरोरा-भद्रावतीवरून जात असाल तर आणखी अर्धा तास. त्या पट्ट्यात कोळशाचे ट्रक चालतात, एकामागे एक लागले की ओलांडता येत नाहीत.

सकाळच्या फेरीसाठी अंधारात निघणाऱ्यांना दुसरीच अडचण: कापसाने किंवा धानाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. जंगलाला लागून असलेल्या रस्त्यांवर रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) अचानक आडवे येतात. अशा रस्त्यावर चाळीसच्या वर गाडी नको. अंधारात जंगलपट्ट्यात उतरून आडोशाला जाणं तर अजिबात नको. चंद्रपूर-मूल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ फिरतात, ही ऐकीव गोष्ट नाही.

टाकी चिमूर, वरोरा किंवा भद्रावतीला भरून घ्या. त्यापुढे पंप असेलच असं नाही.

## 5. सामान

जिप्सी उघडी असते, आणि या एका गोष्टीवरून बाकी सगळं ठरतं.

हिवाळ्यात सकाळी: आठ-दहा अंश तापमान आणि चालत्या गाडीचा वारा. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर चांगले, कारण नऊनंतर ऊन लागतं आणि एकेक उतरवता येतो. कानटोपी, हातमोजे, पायमोजे आणि मांडीवर घ्यायला घोंगडी किंवा ब्लँकेट. चपला घालून आलेल्याचे पाय पहिल्या अर्ध्या तासात गारठतात.

उन्हाळ्यात: सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला ओला दुपट्टा, गॉगल. टोपी असेल तर दोरीची, नाहीतर ती पहिल्या वळणावर उडते, आणि उचलायला खाली उतरता येत नाही. माणशी तीन लिटर पाणी (हिवाळ्यात दीड पुरतं), दोन ओआरएसच्या पुड्या, घरचं पन्हं स्टीलच्या बाटलीत. पाणी तहान लागल्यावर नको, दर वीस मिनिटांनी दोन घोट. डोकं जड होऊन मळमळू लागलं तर वाघाची वाट पाहत बसू नका, गाईडला लगेच सांगा.

रंग: मातकट, हिरवा, करडा. पांढरा, लाल, भडक पिवळा नको. अत्तर-परफ्यूम नको.

दमा असलेल्यांनी मास्क आणि पंप खिशात ठेवावा, पिशवीत नको. मार्चनंतर पुढच्या जिप्सीची धूळ अंगावर येते ती पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखी. कॅमेरा उशीच्या खोळीत गुंडाळून ठेवा आणि आत असताना लेन्स बदलू नका.

मनगटी घड्याळ आणि छापील परवानगी, या दोन वस्तू आजकाल कोणी नेत नाही. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर जमा होतो. मग मोबाइलमधली परवानगी, मोबाइलमधलं आधार आणि मोबाइलमधलं घड्याळ एकदमच जातं. परवानगीच्या दोन छापील प्रती आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि ते गटातल्या एकाच माणसाच्या ताब्यात द्या. दुर्बीण असेल तर उत्तम. 8 बाय 42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते.

शिदोरी साधी ठेवा. भाकर किंवा पोळी, ठेचा, कोरडी भाजी, केळी. तळलेलं आणि रस्सेदार नको, जिप्सी साडेतीन तास आदळते. आत खाणं गाईड सांगेल त्या थांब्यावरच, आणि केळीचं सालही परत आणायचं. दारू, तंबाखू, विडी-सिगारेट, गुटखा गाडीतच सोडून या. खर्रा खाणाऱ्यांना हे दोनदा सांगावं लागतं. पिचकारी मारलेली दिसली तर दंड गटाला पडू शकतो.

तपासा, निघण्याच्या आदल्या रात्री: मूळ ओळखपत्रं मोजली का? छापील परवानगी? ड्रायव्हरला गेटचा नकाशा? पाणी? रोजची औषधं?

## 6. गेटवर

ठरलेल्या वेळेच्या पाऊण-एक तास आधी पोचा. काम या क्रमाने होतं: खिडकीवर परवानगी आणि ओळखपत्रं दाखवणं, नोंद, पाळीप्रमाणे जिप्सी आणि गाईड मिळणं, मोबाइल जमा, मग रांग. जिप्सी आणि गाईड नंबरप्रमाणे लागतात. "आमच्या ओळखीचा गाईड द्या" म्हणून खिडकीवर अडून बसू नका, मागचे खोळंबतात.

मोबाइल जमा करण्याआधी आपल्या ड्रायव्हरशी तीन गोष्टी पक्क्या करा: बाहेर पडल्यावर कुठे भेटायचं, साधारण किती वाजता, आणि तोवर त्याने झोपायचं. त्याचा नंबर कागदावर लिहून घ्या. आपली बायको किंवा आई सोडली तर कोणाचाच नंबर पाठ नसतो.

लघवीला इथेच जाऊन या, लागलेली नसली तरी. आत ठरलेल्या जागा सोडून उतरता येत नाही, आणि ती जागा तासभर दूर असू शकते.

बसण्याची जागा आता ठरवा, चढताना भांडण नको. मागची रांग उंच असते, तिथून चांगलं दिसतं, पण सगळ्यात जास्त आदळते. कंबर दुखणारे, साठीच्या पुढचे आणि लहान मुलं पुढच्या रांगेत. मोठा कॅमेरा असलेला मागे कडेला. अर्ध्या वाटेत जागा बदलायच्या असतील तर थांब्यावर. गरोदर बाईने जिप्सीत बसू नये, रस्ता कितीही चांगला असल्याचं कोणी सांगो.

गाईडशी पहिली दोन मिनिटं बोला. बहुतेक गाईड जवळच्या गावातलेच असतात, कोणत्या पाणवठ्यावर काल काय आलं ते त्यांना ठाऊक असतं. "भाऊ, वाघ दाखवा" एवढंच म्हटलं की तो जिथे गाड्यांची गर्दी तिथे नेतो, कारण तेच मागितलं जातं. त्यापेक्षा असं सांगा: "दादा, आमच्यात पहिल्यांदा येणारे चार आहेत. रानगवा, अस्वल, पक्षी, काहीही दाखवा. कॉल आला तर थांबा, आम्हाला घाई नाही." कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर इतर जनावरांनी दिलेली धोक्याची हाक. फेरीचा सगळा सूर या बोलण्यावरून ठरतो.

## 7. जिप्सीत

पहिली चूक गप्पांची. गेटमधून आत शिरल्यावर दहा मिनिटं गट हळू आवाजात बोलतो, मग कोणाच्या तरी साल्याच्या लग्नाचा विषय निघतो आणि जिप्सीचा चौक होतो. जंगलात वाघ आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. चितळ धोका दिसला की तीक्ष्ण, छोटी हाक देतं, पण चितळ घाबरट, रानकुत्र्यांनाही ओरडतं आणि कधी नुसत्या सळसळीलाही. सांबर मोठ्याने "ढोंक" असा आवाज काढतं आणि ते सहसा उगाच ओरडत नाही. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरायला लागला आणि एकाच दिशेने पाहत राहिला, तर त्या दिशेला पाहा. सांबर आणि वानर दोघंही ओरडत असतील तर गाईड इंजिन बंद करायला सांगेल. पाच ते दहा मिनिटं कोणी हलू नये. बहुतेक गट तिसऱ्या मिनिटाला "चला, काही नाही इथे" म्हणतात, आणि मागून आलेली जिप्सी वाघ पाहून जाते.

धुळीत पंजा दिसला तर टायरच्या खुणेकडे पाहा. पंज्यावरून टायर गेला असेल तर तो मागच्या गाडीआधीचा. टायरच्या नक्षीवर पंजा उमटला असेल तर वाघ मागच्या गाडीनंतर गेलेला, कडा अजून धारदार, आतली धूळ मऊ. नराचा पंजा चौकोनी-गोलसर, मादीचा थोडा लांबट. गाईड ते दाखवतोच, पण विचारलं तर जास्त सांगतो.

उन्हाळ्यात निम्मा वेळ पाणवठ्यावर द्या. वाघ पाण्यात बहुधा मागच्या पायांनी शिरतो, आधी शेपटीकडची बाजू बुडवतो, तोंड काठाकडे ठेवतो. तो तसा बसला की पाऊण तास उठत नाही, म्हणून धावपळ करायचं कारण नसतं. थंडीत मात्र उलटं. तेव्हा रस्त्यावर, उन्हाच्या पट्ट्यात तो चालताना दिसतो.

वाघ सोडून बाकीचं पाहायचं राहून जातं. ताडोबा तलावाच्या काठावर मगर ऊन खात पडलेली असते. बांबूत रानगव्यांचा कळप असतो. एवढं मोठं जनावर दहा पावलांवर असूनही दिसत नाही, फक्त बांबू मोडल्याचा आवाज येतो. मे-जूनला नवरंग पक्षी येतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. अस्वल संध्याकाळी मोहाखाली सापडतं.

सावधान: उभं राहायचं तर गाडी थांबल्यावर आणि गाईडने सांगितल्यावर. हात, कॅमेऱ्याचा पट्टा, दुपट्ट्याचं टोक बाहेर लोंबू देऊ नका. बांबूच्या फांद्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. मूल दोन मोठ्या माणसांच्या मधे.

## 8. वाघ दिसला

ओरडू नका, बोट दाखवायला हात झटकू नका, "कुठे, कुठे?" म्हणत एकाच बाजूला झुकू नका. गाईड झाडाची खूण सांगेल, ती नीट ऐका. कॅमेऱ्याचा फ्लॅश आधीच बंद हवा. पहिलं मिनिट नुसत्या डोळ्यांनी पाहा. फोटो काढायच्या घाईत निम्म्या लोकांना वाघाची फक्त पाठ आठवते.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे वन्यप्राण्यांपासून किमान 20 मीटर अंतर ठेवायचं असतं. "भाऊ, थोडी पुढे घे ना" हे वाक्य गाडीतून येतं, दंड आणि निलंबन मात्र ड्रायव्हर-गाईडच्या वाट्याला. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून आलेल्या जिप्सींमध्ये अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर आणि गाईड निलंबित झाले. त्या गाड्यांत बसलेल्या पर्यटकांपैकी बऱ्याच जणांनी "पुढे घे" म्हटलं असणार.

वाघ रस्त्याने चालत येत असेल तर त्याला रस्ता द्या, गाडी मागे घेऊ द्या. बछडे असतील तर अंतर दुप्पट ठेवायला स्वतः सांगा. पुढच्या जिप्सींनी रस्ता अडवला असेल आणि तुमच्या ड्रायव्हरने मागेच थांबायचं ठरवलं, तर त्याला टोमणे मारू नका.

परतीची वेळ झाली की गाईड निघायला सांगतो. गेट ठरलेल्या वेळेआधी ओलांडावं लागतं, उशीर झाला की कारवाई त्याच्यावर होते. शेवटच्या दहा मिनिटांत "फक्त तो एक पाणवठा" नको, कारण मग जिप्सी जंगलातल्या रस्त्यावर पळवावी लागते, आणि अपघात नेमके तेव्हाच होतात.

## 9. बाहेर पडल्यावर

आधी मोबाइल परत घ्या आणि मोजा. मग ओळखपत्रांचं पाकीट. मग जिप्सीची मागची रांग हाताने चाचपा. लेन्सची टोपणं आणि चष्मे तिथेच राहतात.

बक्षिसी द्यायची असेल तर गाईड आणि ड्रायव्हरला वेगवेगळी द्या, वाघ दिसला नसला तरी. काम दोघांनी तेवढंच केलेलं असतं. तक्रार असेल, म्हणजे गाडी वेगाने पळवली, कोणी खाली उतरलं, जनावराला डिवचलं, तर जिप्सीचा क्रमांक आणि वेळ लिहून गेटवर लगेच नोंदवा. घरी जाऊन दोन दिवसांनी केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही.

दुपारच्या फेरीनंतर अंधार पडलेला असतो. तोंड-हात धुवा, पाणी प्या, वीस मिनिटं थांबा. ड्रायव्हर झोपलाय का ते विचारा. नसेल तर चिमूर किंवा वरोऱ्यापर्यंत हळू चालवून तिथे जेवणासाठी तासभर थांबा. पुढच्या सीटवर जागं राहणारा एक माणूस बसवा, बाकीच्यांनी झोपावं. जंगलपट्टा संपेपर्यंत काचा वर, वेग चाळीसच्या आत, आणि रस्त्यात जनावर उभं असेल तर हॉर्न न वाजवता दिवे मंद करून थांबायचं.

घरी पोचल्यावर कॅमेरा लगेच ओल्या कापडाने पुसू नका. धूळ आधी ब्रशने किंवा फुंकणीने झटकायची, नाहीतर ती ओली होऊन बटणांच्या फटींत बसते. कपडे घरात आणण्याआधी अंगणात झटका आणि मुलांच्या कानामागे, मानेवर गोचीड चिकटलेला नाही ना, ते आंघोळ घालताना पाहा.